तलाव पाळीपाशी संपत नाही

पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून ते बांधले ते धानासाठी. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या उथळ काठांवर पाणवनस्पती रुजल्या, मासे वाढले, सारसाला खाणे मिळाले. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले. राज्याचे पहिले रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर हे सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचूनच तयार झाले आहे, हे लक्षात घेतले की सिंचनाचा साठा वेगळा आणि पाणथळ वेगळी ही विभागणी किती पोकळ आहे ते कळते.

या विभागणीमुळे तलावाची दुरुस्ती म्हणजे गाळ उपसणे, एवढाच अर्थ उरतो. वास्तविक हे तलाव साखळीने बांधलेले असतात. वरच्याच्या सांडव्यातून निघालेले पाणी ओढ्याने खालच्याचा येवा होते. पहिल्या पावसात मासे याच ओढ्यांतून वर चढून अंडी घालतात. ओढा रस्त्याने वा अतिक्रमणाने अडला, तर तलाव कितीही खोल केला तरी तो भरत नाही आणि मत्स्यबीज विकत आणावे लागते. पण लहान तलाव जिल्हा परिषदेचा, मोठा पाटबंधारे खात्याचा, वरचे जंगल वन खात्याचे. अख्खी साखळी कोणाच्याच कागदावर नाही.

शेतकरी म्हणेल, मला साठा हवा, पक्षी नंतर. रास्त आहे. पण पाळीलगतचा गाळ काढून काठ उथळ ठेवला, तर साठाही वाढतो आणि काठही जगतो. गोंदिया-भंडाऱ्यात मासेमार गटांनी ‘बेशरम’ नावाचे तण उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, त्या मासेमार ढीवर समाजाच्या पोटाचा प्रश्न म्हणूनच. पाणथळ जाहीर झाली की निर्बंध येतील, ही भीतीही खोटी नाही. म्हणून आधी निर्बंध नकोत, पाण्याचे नियोजन हवे. ते साखळीनिहाय करणे अवघड आहे, असे खाती म्हणतील. मात्र पाण्याची वाट जमिनीच्या उताराने आधीच ठरवलेली आहे. खात्यांनी ती नकाशावर उतरवायची आहे. दुरुस्तीच्या प्रत्येक अंदाजपत्रकाला वरच्या आणि खालच्या तलावाचा नकाशा जोडणे सक्तीचे करावे. तो नसेल, तर उपशाला मंजुरी देऊ नये.