मैदान आणि न्यायासन

दरवर्षी पारितोषिक-वितरणाच्या दिवशी एक गोष्ट आम्हांस जाणवते. खेळांची ढाल घेण्यास जी मुले व्यासपीठावर येतात त्यांच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट होतो. अभ्यासातील पारितोषिकांसाठी येणाऱ्यांस त्याहून सौम्य, परंतु अधिक आदराच्या टाळ्या मिळतात. आणि दोन्ही याद्यांत एकच नाव आले, तर पालकमंडळी एकमेकांकडे आश्चर्याने पाहू लागतात. हे आश्चर्य आम्हांस खटकते. मुलगा मैदानावर चांगला म्हणजे पुस्तकात कच्चा असावयाचाच, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. एवढेच नव्हे, तर ‘‘जाऊ द्या हो, खेळाडू आहे तो’’ असे म्हणून त्या कच्चेपणाची माफीही आपण देऊन मोकळे होतो. ही माफी म्हणजे त्या मुलावर उपकार नसून त्याच्यावर केलेला अन्याय होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी आम्ही एका परदेशी खेळाडूची हकीकत सांगणार आहोत. त्याचा खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही. पण त्याचा प्रश्न मात्र आपल्या घरोघरचा आहे.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक वाहिला जातो. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक बाजूस अकरा गडी. चेंडू ज्यांच्या हाती असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे. साधले तर आणखी चार प्रयत्न, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चढाईचे गडी निराळे आणि बचावाचे निराळे. बचाव करणाऱ्यांची पहिली फळी बहुधा चौघांची असते. एक हात जमिनीला टेकवून, वाकून ते समोरच्या धिप्पाड गड्यांच्या नजरेला नजर देऊन उभे असतात. चेंडू हलला, की त्या भिंतीला भगदाड पाडून आत शिरावयाचे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तो फेकण्यापूर्वीच लोळवावयाचे, अथवा चेंडू घेऊन धावणाऱ्यास जागच्या जागी अडवावयाचे, हे त्यांचे काम. हुतूतूतील पकड करणारा गडी डोळ्यांपुढे आणावा. मात्र त्याच्या आणि चढाई करणाऱ्याच्या मध्ये पाच पहिलवान आडवे उभे आहेत असे समजावे.

दुरून पाहणाऱ्यास वाटते की येथे अंगबळाखेरीज काही लागत नसावे. वस्तुतः तसे नाही. प्रत्येक संघाची डावांची एक जाडजूड वही असते. ती वाचावी लागते, पाठ करावी लागते, आणि समोरच्याच्या पायांच्या ठेवणीवरून तो कोणता डाव टाकणार हे क्षणार्धात ताडावे लागते. ही वही आमच्या विद्यार्थी वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

अ‍ॅलन पेज यांचा जन्म 7 ऑगस्ट 1945 रोजी ओहायो राज्यातील कॅन्टन या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. गाव पोलादाच्या कारखान्यांचे. तेथील मुलांपुढे, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांपुढे, भट्टीवरचे काम हाच बहुधा धोपटमार्ग असे. या मुलाला तो मार्ग नको होता. दूरचित्रवाणीवर पेरी मेसन नावाच्या वकिलाच्या कथा दाखवीत. त्या पाहून आपणही वकील व्हावे असे त्याने लहानपणीच मनात घेतले होते. म्हणजे फुटबॉल नंतर आला, वकिलीची इच्छा आधीची. चरित्रे सांगताना ही गोष्ट पुष्कळदा उलटी सांगितली जाते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवितो.

नोटर डेम विद्यापीठाचा संघ 1966 साली राष्ट्रीय विजेता ठरला, त्यात पेज होते. पुढच्याच वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाने त्यांस निवडले. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांची बचावफळी एवढी गाजली, की संघाच्या जांभळ्या पोशाखावरून लोकांनी तिला ‘जांभळे नरभक्षक’ अशा अर्थाचे टोपणनावच दिले. 1971 च्या हंगामात वर्षातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून पेज यांची निवड झाली. तोवर हा मान नेहमी चढाईच्या गड्यांकडे जाई; बचाव करणाऱ्यास तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर 1986 साली लॉरेन्स टेलर यांस तो मिळाला. व्हायकिंग्ज चार वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि चारही वेळा हरले. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. क्वार्टरबॅकला लोळविण्याची गणती अधिकृतपणे ठेवण्यास 1982 साली आरंभ झाला, आणि पेज 1981 अखेर निवृत्त झाले. ज्या कामात त्यांचा हात धरणारे थोडे होते, त्याचा आकडा सरकारी वहीत त्यांच्या नावे नाहीच!

कीर्ती शिखरावर असताना या गृहस्थांनी काय केले? ते कायद्याच्या वर्गात जाऊन बसले. पूर्वी एकदा त्यांनी अशा वर्गात नाव घातले होते, पण काही आठवड्यांतच ते सोडून दिले होते. हे अपयश त्यांनी लपविलेले नाही, आणि आम्हांस ते सर्वांत अधिक आवडते. या खेपेस मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी नेट धरला. इतर खेळाडू हंगाम संपला की विश्रांती घेत. हे ग्रंथालयात बसत. याच सुमारास खेळाडूंच्या संघटनेचे ते प्रतिनिधी होते. करारातील एखाद्या कलमाने माणसाचे आयुष्य कसे बांधले जाते हे त्यांनी जवळून पाहिले होते. 1978 साली त्यांस कायद्याची पदवी मिळाली.

त्याच वर्षी त्यांच्या संघाने त्यांस काढून टाकले. धावण्याचा छंद जडल्यामुळे पेज यांचे वजन उतरले होते, आणि पहिल्या फळीच्या गड्याला हे वजन पुरेसे नाही असे संघचालकांस वाटले. अकरा-बारा वर्षे ज्याच्या खांद्यावर बचाव उभा होता त्याला ऐन हंगामात निरोप मिळाला, आणि शिकागो बेअर्स या संघाने केवळ शंभर डॉलरांची ठरावीक फी भरून त्यांस आपल्याकडे घेतले. तेथे ते आणखी तीन वर्षांहून अधिक काळ खेळले. 1979 साली तर मॅरेथॉनची सव्वीस मैलांची दौडही त्यांनी पुरी केली. पण आम्हांस येथे शंभर डॉलरांकडे लक्ष वेधावयाचे आहे. मैदान खेळाडूला जे देते ते असे एका दिवसात परत घेते. त्या दिवशी पेज यांच्या खिशात पदवी होती. त्या खेळात बहुतेकांची कारकीर्द अवघ्या काही वर्षांची असते, आणि त्यांच्या खिशात काय असते याची विचारपूस कोणी करीत नाही.

आता ती डावांची वही. पेज यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे, की संघाच्या बैठकीत ही वही मोठ्याने वाचावयाची वेळ आली तेव्हा त्यांच्या काही सोबत्यांस ती नीट वाचता येईना. ही माणसे शाळेतून पार पडली होती, महाविद्यालयातूनही पार पडली होती. मग त्यांस वाचता का येऊ नये? उत्तर उघड आहे. कोठल्याशा गुरुजींनी, कोठल्याशा परीक्षकाने, शनिवारचा सामना जिंकावा म्हणून त्यांस पुढे ढकलले होते. त्या प्रत्येकाने मनात म्हटले असेल, ‘‘जाऊ द्या, खेळाडू आहे तो.’’

1988 साली कॅन्टन येथील फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात पेज यांचा समावेश झाला. ती इमारत बांधली जात असताना तरुण पेज यांनी त्या बांधकामावर मजुरी केली होती! अशा प्रसंगी आपला परिचय करून देण्यासाठी खेळाडू सामान्यतः आपल्या प्रशिक्षकास अथवा जुन्या सोबत्यास बोलावितात. पेज यांनी मिनिआपोलिस येथील एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलाविले, आणि आपल्या भाषणात खेळाऐवजी शिक्षणाविषयीच सांगितले. त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या पत्नीने कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांस उच्च शिक्षणासाठी साहाय्य करणारी एक संस्था काढली. तिची अट आम्हांस फार मार्मिक वाटते. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने स्वतः लहान मुलांच्या शिक्षणास हातभार लावावयाचा.

न्यायासनापर्यंतचा त्यांचा मार्गही सरळ नव्हता. मिनेसोटात न्यायाधीश मतदारांनी निवडावयाचे असतात. 1992 साली पेज सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या जागेसाठी उभे राहू इच्छीत होते, तेथील न्यायाधीशांची मुदत गव्हर्नरांनी वाढवून दिली. म्हणजे निवडणूकच टळली. पेज यांनी याविरुद्ध दावा लावला. खुद्द त्या न्यायालयातील आसनाचाच प्रश्न असल्यामुळे तो ऐकण्यास निराळे न्यायाधीश नेमावे लागले. निकाल पेज यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि ते निवडून आले. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. जानेवारी 1993 पासून 2015 साली सत्तराव्या वर्षी कायद्याने निवृत्त होईपर्यंत, म्हणजे मैदानावर घालविलेल्या पंधरा वर्षांहून कितीतरी अधिक काळ, ते तेथे होते.

यावर सुज्ञ पालक म्हणतील, की पेज हजारांत एक; आमच्या बंड्याचे काय? आक्षेप खरा आहे. बंड्या न्यायमूर्ती होईलच असे आम्ही म्हणत नाही, आणि हा खेळ त्याने खेळावा असे तर मुळीच म्हणत नाही. तो फार आडदांड खेळ आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मृत्यूनंतर ज्यांचे मेंदू तपासणीसाठी दिले गेले अशा 111 व्यावसायिक खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणाऱ्या विकाराची चिन्हे आढळली. लक्षणे दिसली म्हणूनच पुष्कळ कुटुंबांनी ते मेंदू दिले होते, त्यामुळे यावरून सर्वच खेळाडूंविषयी अनुमान काढता येत नाही. तरी आकडा अंगावर काटा आणणारा आहे. आमचे म्हणणे एवढेच, की बंड्या क्रिकेटमध्ये वा खो-खोत चमकला म्हणून त्याचे इतिहासाचे पुस्तक मिटू नये, आणि गणितात नापास झाला म्हणून त्याची बॅट माळ्यावर टाकू नये. दोन्ही शिक्षा आपण फार सहज करतो. पहिली शिक्षा आहे हे तर आपल्याला कळतही नाही.

मिनिआपोलिसमध्ये एका माध्यमिक शाळेला अलेक्झांडर रॅमझी या जुन्या गव्हर्नरांचे नाव होते. 1862 साली डाकोटा या मूळ रहिवाशांचा नायनाट करावा अथवा त्यांस राज्याबाहेर हाकून द्यावे, असे म्हणणारे ते गृहस्थ. शाळेतल्या मुलांनी इतिहास वाचला आणि हे नाव आम्हांस नको असा आग्रह धरला. 2017 साली त्या शाळेला न्यायमूर्ती पेज यांचे नाव देण्यात आले. खेळताना झालेल्या दुखापतीने पेज यांची एक करंगळी काटकोनात वळून राहिली आहे, आणि लहान मुलांच्या वर्गात ते गेले की मुलांचे लक्ष आधी त्या करंगळीकडे जाते. तेव्हा आपल्या कन्येच्या साहाय्याने त्यांनी त्या करंगळीवरच मुलांसाठी एक गोष्टीचे पुस्तक लिहिले. त्याचे उत्पन्न शिष्यवृत्त्यांकडे जाते.