आपलाच बैल, परक्याचा पैसा



मे महिन्यात भर दुपारी गोठ्यात जाऊन बघा. संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते, वैरणीला तोंड लावत नाही. शेजारचा गवळाऊ बैल मात्र निवांत रवंथ करत बसलेला असतो. कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो ते एवढेच, की गावठी जनावर म्हणजे बिनकामाचे ओझे. हे ओझे परदेशात कोणी डोक्यावर घेतले, ते कोणी सांगितले नाही.

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर ऊन आणि गोचीड यांपुढे युरोपातली मांसाची जनावरे टिकेनात. तेव्हा तिथल्या पशुपालकांनी आपल्या देशातले गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठचे वळू नेले. सगळी मिळून तीनशेही जनावरे गेली नसतील. त्यांतून त्यांनी ‘ब्रह्मन’ ही मांसाची जात घडवली आणि १९२४ मध्ये पैदासकारांचा संघ काढला. ब्राझीलने ओंगोल नेला. तिथे त्याला नेलोर म्हणतात आणि तिथला मांसाचा धंदा आज मुख्यत्वे त्याच्यावर उभा आहे.

या जनावरात जादू काही नाही. कातडी सैल, पोळी लोंबती, म्हणून अंगातली उष्णता बाहेर जायला जागा जास्त. केस आखूड आणि तुळतुळीत, खालची कातडी काळसर. घाम चांगला येतो, अंगात मुळात उष्णता कमी तयार होते. गोचीड कमी धरते. निकृष्ट चाऱ्यावरही तग धरते. दोषही आहेत: वयात उशिरा येते, मांस थोडे चिवट. त्यांनी दोष झाकले नाहीत. अँगसशी संकर करून ३/८ ब्रह्मन रक्ताची ‘ब्रँगस’ जात काढली.

त्यांना हे जमले याचे कारण साधे आहे. त्यांनी वजनाची, वेताची वही ठेवली आणि प्रत्येक जनावराला शेवटपर्यंत बाजारात भाव होता. धंदा परवडला म्हणून वाण सुधारला. इकडे काळ्या रानात ओढकामाला नावाजलेली कृष्णाकाठची जात आज शोधावी लागते.

आपल्याकडे काय झाले? गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यातच होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैल आणि वळूही त्यात घातले, २०१५ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. तेव्हापासून थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. म्हातारी जोडी विकून त्यात थोडी भर घालून नवी घ्यायची, ही कोरडवाहू शेतकऱ्याची रीत मोडली. कडबा महाग, नवी जोडी आवाक्याबाहेर. मग माणूस भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतो आणि दावण रिकामी होते. कायद्याने बैल वाचला, की बैल पाळणाराच संपला?

पोळ्याला बैलाला पुरणपोळी आपणच भरवतो, माया आम्हाला कोणी शिकवू नये. पण मायेचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी कशासाठी? विकण्याचे स्वातंत्र्य द्या, नाहीतर सरकारने थकलेला बैल रास्त भावाने विकत घ्यावा. उन्हात टिकणारा वाण भाषणाने राखला जात नाही. पाळणाऱ्याला परवडला तरच तो राहतो.

जिल्हा बैठकीला येताना दोन आकडे लिहून आणा: जोडीला वर्षाचा चारा किती रुपयांचा लागला आणि शेवटचा म्हातारा बैल कितीला गेला. त्या आकड्यांवरच ठराव लिहू.