दहावे युग

जुलै १७९३ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी राजवटीने काँदोर्से यांच्या अटकेचा हुकूम काढला. गणिती, विज्ञान अकादमीचे सचिव, क्रांतीचे खंदे समर्थक. गुन्हा एवढाच, की नव्या राज्यघटनेवर त्यांनी सडकून टीका केली. पॅरिसमध्ये मादाम व्हेर्ने नावाच्या विधवेने त्यांना घरात लपवले. बाहेर गिलोटिन चालू, आणि आत हा गृहस्थ मानवी बुद्धीच्या प्रगतीचा इतिहास लिहीत बसलेला! त्यात युगे दहा. नऊ होऊन गेलेली, दहावे यायचे. त्या दहाव्यात राष्ट्राराष्ट्रांतली विषमता सरेल, स्त्री-पुरुषांना समान हक्क मिळतील, आयुर्मान वाढत जाईल. मार्च १७९४ मध्ये ते पकडले गेले आणि लगेचच कोठडीत मृतावस्थेत सापडले. पुस्तक निघाले १७९५ मध्ये.

प्रगती अटळ आहे, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटत नाही. दोन महायुद्धांनंतर ते कुणाला पटावे? पण काँदोर्से दहाव्या युगाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसले नव्हते. गुलामगिरीविरुद्ध त्यांनी १७८१ मध्येच लिहिले, स्त्रियांच्या नागरिकत्वासाठी १७९० मध्ये. (त्यांच्या कितीतरी विवेकवादी मित्रांना हे दुसरे अजिबात रुचले नसावे.) त्यांचे सहकारी टॉमस पेन. पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ पुढे पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडले, हे वाचकांना ठाऊक आहेच.

हा अंक इतिहासाला दिशा असते का, या प्रश्नावर आहे. आमचे लेखक आपसात भांडले आहेत. तुम्हीही भांडा, पत्रे जरूर पाठवा.