आधी तळ पाहा, मग मासा

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो: धरणावर फिश फाइंडर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर पहिला कोणता? विचारणारे बहुतेक तरुण सभासद असतात. कयाकमध्ये बसलेला परदेशी गळवाला पडद्यावर मासा पाहतो आणि नेमका तोच काढतो, असे व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असतात. आमचे उत्तर सुरुवातीलाच सांगतो. घ्यावा. पण तो तळ पाहण्यासाठी घ्यावा. मासा दिसला तर तो वरचा नफा समजा. हे एकदा मनाशी ठरले, की कोणते यंत्र घ्यायचे हा प्रश्न निम्मा सुटतो आणि पैसेही बरेच वाचतात.

उदाहरणाला बुलडाणा जिल्हा घेऊ. या जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना जाते. नळगंगा, ज्ञानगंगा, मस, मन या नद्या उत्तरेला पूर्णेला मिळून तापीकडे जातात. पैनगंगा आणि खडकपूर्णा दक्षिणेकडून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात. देऊळगाव राजा तालुक्यातला खडकपूर्णा प्रकल्प, म्हणजे संत चोखामेळा सागर, मेहकरकडचे पेनटाकळी आणि कोराडी, मोताळ्याजवळचे नळगंगा धरण, बुलडाणा शहराची तहान भागवणारे येळगाव: यांतला एकही जलाशय समुद्रासारखा अथांग नाही. आपला माणूस थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून, हाताने वल्हवत, फास जाळे लावतो आणि पहाटे उचलतो. तराफ्यावर उंची नाही, इंजिन नाही, वीज नाही. कयाकची स्थितीही अशीच असते. म्हणून कयाकसाठी बनलेली छोटी यंत्रे आपल्याला चालतात, फक्त बसवण्याची तऱ्हा बदलावी लागते.

तळ का पाहायचा, हे ज्याची जाळी फाटली त्याला सांगावे लागत नाही. धरण होण्याआधी तिथे शेते होती, बांध होते, विहिरी होत्या, नाल्याकाठी बाभळी होत्या. पाणी चढले, झाडे वाळली, बुंधे तसेच उभे राहिले. जुन्या माणसांना हे सारे पाठ असते. कुणाची विहीर कुठे बुडाली हे ते काठावर बसून बोटाने दाखवतात. पण हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते आहे, आणि नव्या सभासदाला ते एकेक जाळे गमावून मिळवावे लागते. जुना नाला जिथून वाहत होता ती खोलगट रेघ, बांधाची कड, बुंध्यांचा पट्टा एवढे समजले तरी मासे कुठे असतील याचा निम्मा अंदाज येतो. वाम दगडाच्या कपारीत सापडतो, मृगळ तळाशी चरतो, कटला वरच्या पाण्यात फिरतो, मरळ काठच्या उथळ गवतात राहतो. यंत्र माशाची जात सांगत नाही. जागा ओळखून जात ओळखणे हे काम आपलेच आहे.

यंत्राचे काम साधे आहे. पाण्यात बुडवलेला संवेदक, ज्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात, ध्वनीचा ठोका खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. नऊ मीटर खोलीवरून तो साधारण १२ मिलिसेकंदांत परत येतो. या वेळेवरून खोली काढली जाते. मासेमारीसाठी असे यंत्र जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली व्यवहारात आणले. आज बाजारात गार्मिन, लोरेन्स, हमिनबर्ड यांची छोटी यंत्रे मिळतात, ती याच तत्त्वावर चालतात.

हा ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो, आणि खरेदी करताना हीच गोष्ट सर्वांत जास्त चुकते. दुकानदार ‘किती खोल जाते’ ते सांगतो: दीडशे मीटर, दोनशे मीटर. आपल्याला त्याचा काय उपयोग? आपण जाळी लावतो ते पाणी बहुतेक वेळा पाच ते पंधरा मीटरचे. तुम्ही झोत किती रुंद आहे ते विचारा. २०० किलोहर्ट्झच्या आसपास झोताचा कोन साधारण २० अंशांचा असतो; दहा मीटर खोलीवर त्याचे वर्तुळ साडेतीन मीटर भरते. कमी वारंवारितेचा ६० अंशांचा झोत त्याच खोलीवर साडेअकरा मीटर रुंद होतो. रुंद झोतात बरेच काही दिसते, पण बुंधा नेमका कुठे आहे ते कळत नाही. अरुंद झोत थोडेच दाखवतो, पण जे दाखवतो ते तराफ्याच्या खालचे असते. तळ वाचायला अरुंद झोत हवा. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झचा ‘डाउन’ प्रकारचा झोत असेल तर फारच चांगले, कारण त्यात बुंधा बुंध्यासारखा दिसतो.

पडद्यावरचा तळ वाचायला शिकणे हे या खरेदीचे खरे मोल आहे. तळ कठीण असेल, काळा पाषाण असेल, तर प्रतिध्वनी जोरात येतो, तळाची पट्टी ठळक होते आणि बरेचदा खाली दुसरी पट्टी उमटते. सहा मीटरवर तळ आणि बारा मीटरवर पुन्हा एक फिकट तळ, असे दिसले की गोंधळू नका. ध्वनी तळावरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आला, तिथून पुन्हा खाली जाऊन परतला, त्याची ती खूण. खाली खडक आहे. उलट काळ्या मातीचा मऊ गाळ साचला असेल तर ध्वनी त्यात मुरतो, पट्टी फिकट, धूसर होते आणि दुसरी पट्टी येतच नाही. नांगर कुठे धरेल, जाळ्याची वजने कुठे रुततील, बांध कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होते, हे सारे या एका फरकावरून कळते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले तरी यंत्र आंधळे होत नाही. गाळाचे ठिपके वाढतात, तेव्हा संवेदनशीलता थोडी कमी करायची.

आता माशाबद्दल. जवळपास प्रत्येक यंत्रात पडद्यावर छोट्या माशाचे चित्र दाखवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी बंद करा. पाण्यात लोंबणारी फांदी, गाळातून सुटलेले बुडबुडे, सगळ्यांना ती मासा ठरवते. खरा मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो, कारण झोताच्या कडेला असताना तो यंत्रापासून जरा लांब असतो, मध्यावर आला की जवळ येतो आणि पुन्हा लांब जातो. पण ही कमान तराफा किंवा मासा हलत असेल तरच दिसते. तराफा थांबलेला आणि मासाही जागेवर असेल तर लांबच लांब आडवी रेघ येते. नवखा माणूस तिला बिघाड समजतो.

बसवण्याबाबत एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. कयाकवाले काही वेळा ट्रान्सड्यूसर कयाकच्या आत, तळाच्या प्लॅस्टिकला चिकटवतात. ठोस प्लॅस्टिकमधून ध्वनी पार होतो. थर्माकोलमधून होत नाही. थर्माकोल म्हणजे बहुतांशी हवाच, आणि हवेच्या थरावर हा ध्वनी अडतो. हवा भरलेल्या ट्यूबचेही तेच. म्हणून तराफ्याच्या फळीला पीव्हीसी पाइप किंवा लोखंडी पट्टी घट्ट बांधून ट्रान्सड्यूसर तराफ्याच्या तळापेक्षा खाली, पाण्यात, अगदी सरळ उभा राहील असा सोडायचा. जाळे ओढताना तराफा कलतो, तेव्हा पाइप वर उचलता आला पाहिजे, नाहीतर पहिला फास त्यालाच बसतो. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटर असेल तर यंत्रात तेवढी भर घाला, म्हणजे खोली खरी येईल.

विजेची चिंता वाटते तेवढी मोठी नाही. ही यंत्रे १२ व्होल्टवर चालतात आणि छोट्या पडद्याचे यंत्र साधारण अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच खाते. आपल्या घरोघरी फवारणी पंप आहेत. त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी वापरली तरी आठ तास निघतात. फक्त जोडणीत पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज हवाच, उलटी जोडणी टाळायला हवी, आणि बॅटरी झाकणाच्या डब्यात बांधून ठेवायला हवी.

पडदा चार-पाच इंचांचा पुरे, पण खरेदीपूर्वी तो दुकानाबाहेर उन्हात धरून पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात जो वाचता येत नाही, तो दुकानातल्या दिव्याखाली कितीही झगमगला तरी घेऊ नका. बाजूचे दाखवणारी ‘साइड’ यंत्रणा सुरुवातीला नको. तिला संथ, सरळ, एकसारखी चाल लागते आणि तराफा वाऱ्याने फिरतो. समोरचे थेट हलते चित्र दाखवणारी महागडी यंत्रणा तर नकोच. पाण्यात फेकून मोबाइलला वाय-फायने जोडायचा गोळा काठावरून गळ टाकणाऱ्याला उपयोगी आहे, पण जाळीवाल्याने ओल्या हातांत मोबाइल कशाला सांभाळावा? थोडे जादा पैसे एकाच गोष्टीवर घाला: जागा नोंदवता येणारे जीपीएस. ते नसेल तर दिसलेला बुंधा उद्या पुन्हा शोधावा लागेल.

नोंदी ठेवताना आपल्या धरणांची एक अडचण लक्षात घ्यायला हवी. कालव्याची आवर्तने सुटतात, पाणी उतरते आणि खोलीचे आकडे खोटे ठरतात. त्यावर उपाय सोपा आहे. ज्या दिवशी मोजणी केली त्या दिवशीची धरणाची पातळी पाटबंधारे शाखेतून घेऊन वहीत त्याच पानावर लिहा. पुढे पातळी तीन मीटर उतरली, तर तेव्हा नऊ मीटर लागलेली जागा आता सहा मीटर आहे आणि खालचा बुंधा तेवढाच वर आला आहे. पिंजरा पालनाचा विचार करणाऱ्यांना तर ही वही हवीच. योजनेतला नेहमीचा पिंजरा ६ बाय ४ बाय ४ मीटरचा. चार मीटरच्या जाळीखाली मे महिन्यातही मोकळे पाणी उरले पाहिजे, नाहीतर विष्ठा आणि उरलेले खाद्य जाळीखालीच साचून कुजते, प्राणवायू घटतो आणि मासे दगावतात. भरलेल्या धरणात जागा छान दिसते म्हणून पिंजरे लावणे आणि उन्हाळ्यात ते ओढत फिरणे, हे दोन्ही या वहीमुळे टळेल.

आमचा आग्रह आहे की हे यंत्र एकेका सभासदाने घेऊ नये, संस्थेने घ्यावे. एका धरणाचा तळ सगळ्यांचा एकच आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी आपण सर्वांनी आनंद साजरा केला. आता संस्थांनी साधनांसाठी कर्ज आणि अनुदान मागताना अशा मोजणीच्या साधनांची नावेही अर्जात लिहायला हवीत. मात्र ज्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाकडे लाइफ जॅकेट नाही, तिने फिश फाइंडरचा विषयच सभेत काढू नये. आधी जॅकेट. आणि पावसाळ्यात अंडी भरलेले मासे पाण्याच्या येव्याकडे, नदीच्या तोंडाशी चढतात तेव्हा यंत्र घरीच ठेवा. त्या दिवसांत सापडलेली एक मादी म्हणजे पुढच्या हंगामातले लाखभर जिरे गेले.

धरण भरलेले असताना मोजणी सुरू केली तर उन्हाळ्यापर्यंत काठापासून काठापर्यंतचा नकाशा हाती येतो. ज्या संस्था तो करतील त्यांनी आम्हाला जरूर पाठवावा. जाळी लावायच्या जागा त्यावरून खुशाल काढून टाका. खोली, बुंधे, विहिरी आणि धोक्याची ठिकाणे तेवढी ठेवा, मोजणीची तारीख आणि धरणाची त्या दिवशीची पातळी लिहा. आम्ही तो अंकात पूर्ण पानभर छापू.