‘हॉर्टस मलबारिकस’ : प्रतिज्ञापत्रे चौघांची, मग झाडावर चढलेले कोण?

इ. स. १६७८. अ‍ॅमस्टरडॅममध्ये वनस्पतींवरील एका भव्य लॅटिन ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यात चक्क नागरी लिपीतील कोंकणी मजकूर होता! नागरीच्या अगदी सुरुवातीच्या छापील नमुन्यांपैकी हा एक. ग्रंथाचे नाव ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे ‘मलबारचा बगीचा’.

ग्रंथाचा कर्ता हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील प्रमुख अधिकारी होता. १६९३ पर्यंत या ग्रंथाचे १२ खंड निघाले आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे आली. पुढे लिनियसनेही त्यांचा आधार घेतला.

तो कोंकणी मजकूर म्हणजे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांचे प्रतिज्ञापत्र. या माहितीसाठी त्यांनी आपल्या निघंटूचा आधार घेतला होता. चौथे प्रतिज्ञापत्र मल्याळममध्ये असून ते इट्टी अच्युतन या एळवा वैद्याचे आहे. त्याच्यापाशी घराण्यात चालत आलेली पोथी होती. दोन्हींवर साल एकच, १६७५.

या चौघांपैकी अधिक श्रेय कोणाचे, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी एळवा परंपरेचे पारडे जड ठरवले, आणि ते बरेच झाले. कारण तोवर ‘भारतीय ज्ञान’ म्हणजे केवळ पंडितांचे ज्ञान असे सरसकट मानले जाई. तरीही हा वाद अपुराच आहे. चौघेही लिहिणारे-वाचणारे होते आणि चौघांच्याही हाताशी ग्रंथ होता.

व्हॅन ऱ्हीडच्या स्वतःच्या निवेदनात मात्र आणखी काही माणसे दिसतात. वनस्पतींची पारख असलेल्या या लोकांना ठिकठिकाणी धाडले जाई. पाने, फुले, फळे हाती यावीत म्हणून ते उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढत. कोणते झाड केव्हा फुलते आणि कोठे सापडते, हे त्यांना ठाऊक नसते तर चित्रकारांपुढे काय ठेवले असते? त्यांच्याकडून कोणी प्रतिज्ञापत्र घेतले नाही.

ही केवळ सतराव्या शतकाची गोष्ट नव्हे. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्यमलै डोंगरात संशोधकांसोबत काणी जमातीचे वाटाडे चालत होते. चढणीवर ते एक फळ खात आणि थकत नसत. ती वनस्पती म्हणजे आरोग्यपच्चा. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. संशोधन संस्थेने त्याचे तंत्र १९९५ मध्ये एका औषध कंपनीला दिले आणि मिळणाऱ्या रकमेतील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा न्यासही स्थापन झाला. व्यवहारात अडचणी आल्या, वनखात्याशी खटकेही उडाले. पण वाटाड्याच्या माहितीला किंमत असते, हे येथे एकदा तरी कागदावर मान्य झाले.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभवाटपाचे हे तत्त्व देशभर लागू केले. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली. संहिताबद्ध म्हणजे काय? तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांतून आलेले ज्ञान. आयुर्वेदीय उत्पादकांचा जाच कमी व्हावा, हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ही रेघ इतिहासाला धरून नाही. ग्रंथात नोंद झाली म्हणून त्या ज्ञानातील रानातल्या माणसाचा वाटा संपतो, असे ती गृहीत धरते. शिवाय मुळी, साल, फळ आजही कोणीतरी जंगलातूनच खांद्यावरून आणतो.

त्या अनुसूचीत चरकसंहिता आहे. तिच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की औषधी वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी जाणतात. योजना कशी करावी हे वैद्याचे काम, असेही चरक पुढे बजावतो. पण ओळख कोणाकडून घ्यायची, हे त्याने आधी सांगितले आहे.