ग्रुप थिअरी तारांसकट शिकवा

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ग्रुप थिअरी सुरू केली की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला: "सर, याचा उपयोग काय?" निदान पुण्यात तरी याचं उत्तर तयार हवं. याच शहरात सी-डॅकने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला, म्हणजे प्रोसेसर चिपला, बाहेर बोलायला चारच दुवे होते. मोजक्या तारांत सगळ्यांनी सगळ्यांपर्यंत लवकर कसं पोचायचं?

एकर्स आणि कृष्णमूर्ती यांनी 1989 साली या प्रश्नाला ग्रुप थिअरी लावली. त्यांचा 'स्टार ग्राफ' मी फळ्यावर काढतो. सात आकड्यांच्या जितक्या मांडण्या, तितके संगणक: 5040. पहिल्या आकड्याची दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी अदलाबदल करून जी मांडणी मिळेल, तिथवर एक तार. प्रत्येकाला सहा तारा आणि कुठूनही कुठेही जायला फार तर नऊ टप्पे. त्या काळी गाजलेल्या 'कनेक्शन मशीन'च्या हायपरक्यूबमध्ये 4096 चिप होत्या. प्रत्येकीला बारा तारा, टप्पेही बारापर्यंत. हा हिशेब पाहिला की मागचा बाक वही उघडतो.

यातली गंमत सममितीत आहे. कुठल्याही संगणकावरून पाहा, जाळं सारखंच दिसतं. म्हणून वाट शोधायची एकच रीत सगळीकडे चालते. साध्या चौकटीच्या जाळ्यात तसं नसतं. तिथे कडेच्या संगणकाचे हाल पंगतीत टोकाला बसलेल्यासारखे. समोरासमोरची टोकं जोडली की टोरस होतो आणि कड उरतच नाही.

मग स्टार जिंकला का? नाही. 5040 नंतरचा आकडा थेट 40,320. अधलंमधलं यंत्र घ्यायची सोयच नाही. 16×16×16 च्या टोरसमध्ये तारा सहाच, पण टप्पे 24 पर्यंत जातात. तरीही आयबीएमच्या 'ब्लू जीन'ने तीन मितींचा टोरसच निवडला. शेजाऱ्यांशीच बोलणाऱ्या गणितांना लांबचे टप्पे क्वचितच लागतात आणि तारा आखूड राहतात. मला आजही स्टारच देखणा वाटतो. पण पदरचे पैसे घालायचे झाले, तर मी टोरस घेईन.

अभ्यास मंडळाला माझी विनंती एवढीच: 'ग्रुपची व्याख्या लिहा' हा प्रश्न आता पुरे. चार-चार दुव्यांचे 64 संगणक द्या, मुलांना ते जोडायला सांगा आणि टप्पे मोजायला लावा.