मुका झालेला संगणक

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे बहुतेक कुटुंबांत दोन प्रश्न एकदम उठतात. पहिला, 'याला शेवटचा हात कोणीं लावला?' आणि दुसरा, 'दुरुस्तीला किती पडतील?' पहिल्यापायीं घरांतलें एखादें पोर नाहक बोलणीं खातें. दुसऱ्यापायीं खिशाला खार लागतो. 'बिघाड नेमका कोठें आहे?' हा प्रश्न वास्तविक सर्वांआधीं विचारावयास हवा. परंतु तेवढा धीर फार थोड्यांस असतो. या खेपेस आम्ही याच प्रश्नाचा विचार एका नित्याच्या उदाहरणावरून करणार आहों. संगणक चालू आहे, पडद्यावर चित्रें उमटत आहेत, पण आवाज मात्र येत नाहीं.

हा बिघाड वरवर पाहतां क्षुल्लक. परंतु आजच्या कुटुंबांत संगणक हें केवळ हिशेबाचें यंत्र राहिलेलें नाहीं. मुलांचे पाठ त्यावर चालतात, कर्त्या मंडळींच्या कचेरीच्या सभा त्यावर भरतात, आणि परदेशीं गेलेल्या लेकीनातवंडांचे शब्द त्याच्याच वाटे आजीच्या कानीं पडतात. आवाज गेला म्हणजे तरुण मंडळी खिशांतला फोन काढून मोकळी होतात. वृद्धांचें तसें नसतें. नातवाचे ओंठ हालतांना दिसतात आणि ऐकूं कांहींच येत नाहीं, तेव्हां म्हाताऱ्या माणसाच्या मनांत प्रथम येतें तें हें, कीं आपलेच कान गेले. संकोचानें तें कोणास सांगवत नाहीं. मग हंसून मान हालवावयाची, आणि पुढच्या वेळीं 'तुम्हीच बोला' म्हणून माजघरांत जाऊन बसावयाचें. यंत्राचा दोष माणसानें असा आपल्या माथीं घ्यावा, याहून खेदाची गोष्ट ती कोणती?

दोष शोधावयाचा तर ध्वनीचा मार्ग ठाऊक हवा. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें काढलेल्या वैयक्तिक संगणकास पीं-पीं करणारा एक साधा भोंगा काय तो होता. १९८९ मध्यें सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें 'साउंड ब्लास्टर' कार्ड निघालें, आणि या जातीचे संगणक घरोघर गाऊं-बोलूं लागण्यास त्यानें मोठा हातभार लावला. आतां तें काम बहुधा यंत्राच्या मुख्य पाटीवरील एक लहानशी चिप करते. गाणें संगणकांत आंकड्यांच्या रूपानें असतें. सेकंदास बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० या वेगानें हे आंकडे चिपकडे जातात. चिप त्यांचा विद्युत्प्रवाह बनविते. आणि त्या प्रवाहाप्रमाणें स्पीकरचा पडदा थरथरून आपणांस ध्वनि ऐकूं येतो. म्हणजे प्रोग्रॅम, संगणकाची मुख्य प्रणाली, तिला चिपशीं जोडून देणारा 'ड्रायव्हर', चिप, तार आणि स्पीकर अशी ही वाट आहे. कोंकणांतल्या आगरांत पाटाचें पाणी पोफळीच्या आळ्यापर्यंत पोंचलें नाहीं, तर जाणता माणूस विहीर उपसावयास धांवत नाहीं. आळ्यापासून पाटाच्या कडेकडेनें चालत जाऊन पाट कोठें फुटला तें पाहतो. आपणही तसेंच करावें.

प्रथम आळें, म्हणजे स्पीकर. त्याची वीज चालू आहे काय, त्याची स्वतःची आवाजाची कळ खालीं फिरलेली नाहीं ना, तार अर्धवट सुटलेली नाहीं ना, हें पाहावें. टेबलावरील संगणकास मागें रंगीत भोंकें असतात. त्यांतील हिरवें स्पीकरचें, गुलाबी मायक्रोफोनचें व निळें बाहेरचा ध्वनि आंत घेण्याचें. झाडलोटींत निघालेली तार घाईनें भलत्याच भोंकांत बसविली जाणें हें नेहमींचेंच आहे. मांडीवरच्या संगणकांत वरच्या ओळींतील स्पीकरचें चित्र असलेली एक कळ चुकून दाबली कीं सारा आवाज बंद होतो. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो हाच. तोच स्पीकर एखाद्या फोनला जोडून पाहावा. तेथें तो वाजला, तर तो निर्दोष ठरला.

यापुढची पायरी अलीकडे सर्वांत महत्त्वाची झाली आहे. पुष्कळदां आवाज नाहींसा झालेला नसतो, तो दुसरीकडे गेलेला असतो. एचडीएमआय तारेनें नवा पडदा जोडला, कीं त्यास स्पीकर असो वा नसो, संगणक कित्येकदां आवाज तिकडे धाडूं लागतो. पुतण्याचे ब्लूटूथ हेडफोन शेजारच्या खोलींत चालू राहिले, तर आजोबांचें कीर्तन मुकाट्यानें त्यांच्याकडे जातें. विंडोज १० व ११ या प्रणालींत सेटिंग्ज उघडून सिस्टिम व त्यांत साउंड येथें गेलें म्हणजे आवाज बाहेर पडण्याचे सर्व मार्ग दिसतात. त्यांतून आपला स्पीकर निवडावा. विंडोज ११ मध्यें तेथेंच 'व्हॉल्यूम मिक्सर' आहे. त्यांत प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा दाखविलेला असतो. गाणें वाजतें पण संभाषण ऐकूं येत नाहीं असें असेल, तर यंत्र ठीक असून दोष त्या एका प्रोग्रॅमचा समजावा. आपणांस पलीकडचें ऐकूं येतें पण आपला आवाज तिकडे पोंचत नाहीं, ही तक्रार मात्र निराळी. तिचा शोध मायक्रोफोनकडे घ्यावा.

येथवर कांहीं न सांपडल्यास संगणक एकदां बंद करून पुन्हां चालू करावा. तरीही गुण न आल्यास 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून ध्वनीच्या सदरांत चिपचें नांव दिसतें काय तें पाहावें. प्रणालीच्या नव्या आवृत्तीनंतर आवाज गेला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' ही सोय उपलब्ध असल्यास जुना ड्रायव्हर परत आणतां येतो. नाहीं तर तें उपकरण यादींतून काढून संगणक पुन्हां सुरू केला म्हणजे प्रणाली बहुधा ड्रायव्हर स्वतः बसविते. नवा ड्रायव्हर घेणेंच झाल्यास तो यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर क्षणांत सुधारूं' अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमांस घरांत थारा देऊं नये.

शेवटची कसोटी यूएसबी हेडफोनची. आंकड्यांचा ध्वनि करण्याची योजना त्यांत स्वतंत्र असते. ते वाजले आणि नेहमींच्या भोंकांतून आवाज निघाला नाहीं, तर दोष त्या भोंकांत किंवा चिपमध्यें आहे असें बहुतेक निश्चित होतें. अशा वेळीं अंगठ्याएवढें यूएसबी साउंड अडॅप्टर थोड्या खर्चांत मिळतें व काम भागतें. त्यासाठीं नवा संगणक घेण्याचें कारण नाहीं. दुरुस्ती करणाऱ्यानें पहिल्याच भेटींत 'सर्व पुसून नव्यानें भरूं' असें सुचविलें, तर आधीं वरील परीक्षा झाल्या काय हें त्यास विचारावें. रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशा उपचारांत घरच्या लग्नमुंजींचीं छायाचित्रें कायमचीं नष्ट होऊं शकतात. त्यांची दुसरी प्रत ठेवल्यावांचून यंत्र कोणाच्याही हातीं देऊं नये.

हें सर्व करतांना एका वेळीं एकच फेरफार करावा व तो वहींत टिपून ठेवावा. चार कळा एकदम फिरविल्या तर गुण कशानें आला तेंही कळत नाहीं. आमची सूचना अशी, कीं ज्या मुलावर 'शेवटचा हात' लावल्याचा आळ येतो, त्याच्याच हातीं ही वही द्यावी. बोलणीं खाण्यापेक्षां शोध घेण्यांत त्याची बुद्धि अधिक चांगली लागेल. आणि आवाज परत आला म्हणजे त्यानें प्रथम आजीस हांक मारून आणावें व दोष यंत्राचा होता हें स्पष्ट शब्दांत सांगावें. यंत्र निर्दोष ठरूनही तिला ऐकूं येत नसेल, तर मात्र संकोच न धरितां कानाच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन जावें.